मिरचीचा खोकला

खोकल्याचे दोन प्रकार असतात, हे मला भागरताबाईनं शिकवलं. एक मिरचीचा आणि दुसरा बाकीचा. मिरचीचा खोकला घोटभर पाण्यानं बसतो, मोकळ्या हवेत गेलं की विसरतो, आणि खोकणारी बाई खोकता खोकता हसत असते. दुसऱ्या खोकल्यात कोणी हसत नाही. एवढा सोपा धडा. मी एकोणीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करतोय, याहून अवघड गोष्टी दुसरीतल्या पोरांच्या गळी उतरवल्यात. पण स्वतः शिकायची पाळी आली तेव्हा नापास झालो, आणि तेही अशा परीक्षेत, जी पुन्हा देता येत नाही.

आमचं गाव राजुऱ्याच्या पुढे, तेलंगणाच्या हद्दीला चिकटून. कापूस निघाला, धान घरात आलं की फेब्रुवारीत गावातल्या बाया मिरची तोडायला पलीकडे जातात, खम्ममच्या बाजूला. अडीच-तीन महिने तिकडेच शेतावर राहायचं, एप्रिलात परत यायचं. भागरताबाई या बायांच्या टोळीची मुकादम. उंचीला माझ्या खांद्याच्याही खाली, अंगानं वाळक्या शेंगेसारखी. लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालायची, तो गेलेल्या नवऱ्याचा. बोटांची टोकं बारा महिने तांबडी. मिरचीचा रंग कातडीत इतका मुरला होता की पाणी पिताना पेल्यालाही लागेल असं वाटायचं.

मी गावात नवा होतो तेव्हा ती मला पहिल्यांदा एसटीच्या थांब्यावर दिसली. टोळी निघाली होती. बाया रांगेत उभ्या, आणि ही एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून मोजतेय. पण सुरुवात स्वतःपासून. आधी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून "एक", मग शेजारी उभ्या सुनेच्या, कांताच्या, डोक्यावर "दोन", असं पुढे. मला नवी नोकरी, नवं शहाणपण. मी रस्त्यावरूनच म्हणालो, "बाई, मुकादम स्वतःला मोजत नसतो. मजूर मोजायचे."

तिनं मोजणी थांबवली नाही. सगळी रांग संपवली, मग माझ्याकडे वळली.

"आमचा पयला मुकादम बी नोता मोजत सोताले, गुरुजी. एक दिवस आमाले परमुलखात शेतावर टाकून पसार झाला. पायी पायी आलो आमी. तवापासून मुकादम हाजर हाये का नाई, ते पयले पाहा लागते."

बाया खो खो हसल्या. मीही हसलो, पण जरा उशिरा, आणि तोपर्यंत एसटी निघून गेली होती.

तिचा दुसरा नियम परतीचा. गावात आल्यावर एकेकीला दारापर्यंत पोचवायची. घरचं माणूस बाहेर आलं, "आली का वं" म्हणालं, की पुढच्या दारी. स्वतःच्या घरी सगळ्यांच्या शेवटी. "जितक्या नेल्या तितक्या आनल्या," एवढं एक वाक्य दरवर्षी शाळेसमोरून जाताना मला ऐकवायची. मी परीक्षेचे पेपर तपासत बसलेला असायचो. "आन् तुमचे किती पास झाले?" असं वर विचारायची.

आणि तिचं नाक. त्या नाकाबद्दल गावात इतकं बोललं जायचं की मला ती थापच वाटायची. मूठभर मिरची नाकाशी धरून ती कोणत्या शेतातली, पाणी मारून वजन वाढवलेली की कोरडी, हे सांगायची म्हणे. मी एकदा परीक्षा घ्यायला गेलो. दोन मुठी मिरच्या आळीपाळीनं तिच्यासमोर धरल्या, मोठ्या ऐटीत, आणि त्याच हातानं डोळा चोळला. पुढचा अर्धा तास मी तिच्या अंगणात बसून ओरडत होतो आणि ती माझ्या डोळ्यावर ताकात भिजवलेलं फडकं धरून बसली होती. निकाल तिनं मी ओरडत असतानाच सांगितला. दोन्ही बरोबर.

पण नाकाचा खरा पराक्रम शाळेत घडला. आमच्याकडे दुपारची खिचडी मुलांना वाढायच्या आधी मास्तरनं चाखायची आणि चव-रजिस्टरात लिहायचं असा नियम आहे. आता रोज रोज काय चाखायचं? मी सोमवारी बसून शनिवारपर्यंतचं लिहून टाकायचो. 'चव उत्तम', 'चव उत्तम', मध्ये विविधतेसाठी एखादं 'चव छान'. एका बुधवारी भागरताबाई शाळेच्या कुंपणापलीकडून चालली होती. थबकली. सरळ आत आली आणि म्हणाली, "वाढू नोका."

"काय झालं?"

"दाळीत उंदीर मुतला हाये."

मी रजिस्टर उघडून दाखवलं. "हे बघा. चव उत्तम. लिहिलंय."

तिला वाचता येत नव्हतं. पण तिनं पानावर बोट ठेवून खाली सरकवलं, आणि विचारलं, "आज कोनता वार हाये, गुरुजी?"

"बुधवार."

"मंग याच्याखाली हे आनखी तीन डाव कायचं लिवलं?"

डाळीचं पोतं उघडलं तर कोपरा कुरतडलेला, आत लेंड्या. खिचडी फेकली, पोरांना त्या दिवशी मुरमुरे दिले. भागरताबाईनं कोणाकडे तक्रार केली नाही. फक्त जाताना म्हणाली, "नाकानं न पाहता हातानं लिवता तुमी." हे वाक्य तिनं पुढे मला आणखी एकदा ऐकवलं. तेच सांगायला बसलोय.

महामारी आली त्या वर्षी टोळी फेब्रुवारीत नेहमीसारखी गेली. तेवीस जणी, मुकादम धरून. मार्चात सगळं बंद झालं, गाड्या बंद, हद्द बंद. टोळी तिकडेच अडकली. इकडे गावानं चारी बाजूंच्या रस्त्यांवर बोराटीचे काटे टाकले आणि काट्यांबाहेर राहिलेल्या शाळेचं विलगीकरण केंद्र झालं. त्या केंद्राचा प्रमुख मी. हा हुकूम हातात पडला तेव्हा, खरं सांगतो, मला भीतीपेक्षा जास्त अभिमान वाटला. पुठ्ठ्याचा बिल्ला मी माझ्या हातानं कापला आणि त्यावर 'केंद्रप्रमुख' असं लाल पेनानं लिहिलं. फवारणीचं औषध कालवताना ते माझ्या एकुलत्या एका चांगल्या पँटवर उडालं, आणि केंद्रप्रमुख पुढचे दोन महिने पांढऱ्या ठिपक्यांच्या पँटमध्ये चितळासारखा फिरला. ताप मोजायचं बंदुकीसारखं यंत्र मिळालं होतं. ते मला त्र्याण्णव दाखवायचं आणि शाळेच्या भिंतीला एकशे एक. एकही पेशंट नसलेलं केंद्र चालवणं इतकं सुखाचं असतं की मला वाटलं, ही साथ म्हणजे दूर पुण्या-मुंबईकडची बातमी आहे आणि आपण तिचे वाचक.

मेमध्ये, ऐन उन्हात, चारच्या सुमारास टोळी आली. पोलिसांचे नाके टाळत, जंगलातून, नऊ दिवस चालत. डोक्यावर गाठोडी, कपड्यांची एक आणि वाटणीला आलेल्या मिरचीचं एक. पायात चपला राहिल्या होत्या त्यांच्या चपलांना चिंध्या बांधलेल्या. काट्यांच्या पलीकडे बाया आणि अलीकडे त्यांचे नवरे, काठ्या घेऊन. पहिल्यांदा मला धक्का बसला तो इथे. ज्यांनी तीन महिने रोज फोन करून "कवा येतं वं" विचारलं, तेच म्हणत होते, "मांगं सरका, मांगं सरका." एका बाईचा नवरा तर रडत होता, पण काठी आडवीच होती.

कांता भडकली. "आमी काय वाघ हावो का, काठ्या घेऊन उभे हाये ते?"

भागरताबाईनं तिला गप्प केलं. "बरोबर हाये त्याइचं. घरी लेकरं हायेत." मग माझ्याकडे पाहिलं. माझा बिल्ला पाहिला, पँट पाहिली. "गुरुजी, तुमाले का झालं?"

"औषध उडालं."

"मले वाटलं तुमालेच रोग लागला. शाळा उघडा." आणि तिथंच रस्त्यावर तिनं मोजलं. स्वतःच्या डोक्यावर हात, एक. कांता, दोन. तेवीसपर्यंत. मग म्हणाली, "जितक्या नेल्या तितक्या आनल्या. पन आता दारापरयंत नाई पोचवता येत, शाळेपरयंत पोचवतो. चौदा दिवसानं मंग दारी."

हे तिचं काम अर्धवट राहिलं होतं, आणि ते पुरं करायचं एवढंच तिच्या डोक्यात होतं. चौदा दिवस, मग एकेकीचं दार.

पहिल्याच संध्याकाळी दोन्ही वर्गांतून खोकल्याचा आवाज सुरू झाला. एक खोकली की दुसरी, दुसरी की दहावी. मी व्हरांड्यात बिल्ला लावून उभा, आणि आत बावीस-तेवीस बाया खोकतायत, शिंकतायत, डोळ्यांतून पाणी. भागरताबाई दारातून ओरडून काहीतरी सांगत होती, मी ऐकलंच नाही. फोन लावला आणि ओरडलो, "तेवीसच्या तेवीस! सगळ्यांना लागलाय!"

दोन अँब्युलन्स आल्या. त्यातून पांढऱ्या पोशाखात नखशिखांत बंद झालेला तरुण डॉक्टर उतरला, वर्गात शिरला आणि त्यालाच शिंक आली. नाकावर मास्क, मास्कवर काच. आत शिंकलेल्या माणसाला आपलं नाक पुसता येत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. तो तसाच बाहेर आला. काचेवरून ओघळ.

"गुरुजी, त्या गाठोड्यांत काय आहे?"

"मिरची," आतून भागरताबाई म्हणाली. "मी मघापासून तेच सांगून राह्यली. खोली बंद, तेवीस गाठोडे मिरची. खोकतीन नाई त का गातीन?"

गाठोडी अंगणात नेऊन ठेवली. तासाभरात वर्ग शांत. जाताना डॉक्टर मला म्हणाला, "गुरुजी, पुढच्या वेळी फोन करायच्या आधी जरा वास घेत जा."

दुसऱ्या दिवशी काट्यांच्या अलीकडे गाव हसत होतं आणि पलीकडे शाळा. "गुरुजीनं मिरचीले कोरोना लावला," असं सरपंचानं जाहीर केलं. पोरं मला पाहून खोकायची. खोकल्याचे दोन प्रकार भागरताबाईनं मला त्याच दिवशी व्हरांड्यातून समजावले, पाणी आणि हसणं आणि सगळं. मी मान डोलावली. पण माझ्या डोक्यात धडा शिरलाच नव्हता. डोक्यात एकच शिरलं होतं, की पुन्हा कोणाला हसू द्यायचं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी रजिस्टर घेऊन नावं पुकारत होतो. ताप, खोकला, इतर, असे तीन रकाने. भागरताबाईचं नाव आलं. ती उठून दारापर्यंत आली आणि खोकली. कोरडा, बारीक खोकला.

"मिरची?" मी म्हणालो.

"मिरची आंगनात हाये, गुरुजी. चार दिवस झाले." मग चेष्टा नाही अशा आवाजात म्हणाली, "मले वास येऊन नाई राह्यला."

"कसला?"

"कायचाच. आंगनात जाऊन गाठोड्यात तोंड घातलं. माती हुंगल्यासारखं. काईच नाई."

आता मी काय म्हणालो ते लिहितो. ते लिहायचं नाही असं चारदा ठरवून झालंय. मी म्हणालो, "तीन महिने मिरचीत नाक घालून बसल्यावर नाक तरी किती दिवस टिकेल, बाई? सुट्टीवर गेलं असेल. लॉकडाऊन आहे, उशिरा येईल." आणि स्वतःच्या विनोदावर हसलो. मागच्या दोघी-तिघीही हसल्या. ती हसली नाही.

"इतके वर्सं मिरचीत हावो. कधी नोतं गेलं."

मी खोकल्याच्या रकान्यात लिहिलं, 'मिरचीचा'. इतरच्या रकान्यात रेघ मारली. तिनं माझा हात थांबलेला पाहिला आणि म्हणाली, "लिवलं का? नाकानं न पाहता?"

मी पुढचं नाव पुकारलं.

तिनं मात्र स्वतःपुरतं ठरवून टाकलं. दुपारी आपली सतरंजी उचलली आणि व्हरांड्याच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसली. मिरचीचे देठ आणून फरशीवर आडवी तांबडी रेघ घातली. "याच्या इकडं कोनी येवाचं नाई. कांते, तू बी नाई." कांता ताट घेऊन रेघेपाशी उभी राहायची, ठेवायची, मागं व्हायची. मोजणी चालू होती. पण आता डोक्यावर हात नाही. रेघेपलीकडून बोट करायची. फक्त स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून "एक" तेवढं पूर्वीसारखं.

मला गंमत वाटली. घरी बायकोला सांगितलंही, की मुकादमाचं आता अतीच झालंय.

सातव्या दिवशी सकाळी मी शाळेत शिरलो तेव्हा मोजणी चालू होती. मी सवयीनं ऐकत होतो. नऊ, दहा, अकरा. अकराला ती थांबली. मला वाटलं, चुकली. इतक्या वर्षांत ती कधी चुकली नव्हती. मी मान वळवली. ती दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे झुकली होती आणि तोंडानं श्वास ओढत होती, जसा माणूस चढ चढून आल्यावर ओढतो. चढ कुठेच नव्हता. मग तिनं "बारा" म्हटलं. तेरा म्हणायला पुन्हा थांबली. नवऱ्याच्या सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी होती. ओठांचा रंग गेला होता. बोटं तेवढी तांबडी.

ताप मोजायचं यंत्र हातात होतं ते मी कुठे ठेवलं, आजही आठवत नाही. ते नंतर सापडलंही नाही. फोन लावला, आणि या वेळी ओरडता येईना. पलीकडचा माणूस दोनदा म्हणाला, "कोण? आवाज येत नाही." नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, नक्की ना? की मिरची?"

"नक्की," मी म्हणालो. "वास घेतलाय."

अँब्युलन्स दुपारी आली. ती कशी गेली ते शेवटी सांगतो, कारण माझ्यापाशी तिचं तेवढंच शेवटचं आहे. चंद्रपूरला नेलं. कागदावर फोन नंबर माझा होता, केंद्रप्रमुख म्हणून. चौथ्या दिवशी, मी दाढी करत असताना, फोन आला. एका बाईचा आवाज होता, थकलेला. तिनं भागरताबाईचं पूर्ण नाव वाचलं, वय वाचलं, आणि विचारलं, "आपण कोण लागता?" मी अर्ध्या गालाला साबण लावून उभा होतो. "गुरुजी," म्हणालो.

शाळेत जाऊन बायांना सांगायचं काम माझं. मी व्हरांड्यात उभा राहिलो तर कांता आधी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "गुरुजी, साबन पुसा." मी साबण पुसला, आणि तिला त्यावरूनच कळलं. ती ओरडली नाही. खाली बसली. बाकीच्या एकमेकींना धरायला धावल्या आणि मधेच थबकल्या, हात पुढे केलेल्या, शिवावं की शिवू नये. एकवीस बाया तशाच उभ्या राहिल्या. गावानं काट्यांच्या पलीकडून ते पाहिलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही, खोकलंही नाही. तिला तिकडेच अग्नी दिला. घरचं कोणी नव्हतं. टोळीतल्या आणखी दोघी बाधित निघाल्या, त्या बऱ्या होऊन आल्या.

पुढच्या महिन्यात शाळेत चिकटवायला नवी पत्रकं आली. मी शिडीवर चढून चिकटवत होतो. ताप, खोकला, दम लागणे, आणि खाली नवीन ओळ: वास न येणे, चव न कळणे. मी शिडीवरच बसलो. किती वेळ, माहीत नाही. खाली येऊन त्या डॉक्टरला फोन केला आणि विचारलं, पाचव्या दिवशीच कळवलं असतं तर? तो म्हणाला, "गुरुजी, तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हतं." तो भला माणूस आहे. पण एक बाई होती जिला ठाऊक होतं, आणि ती सांगायला माझ्याकडे आली होती. चव-रजिस्टर मी आता रोज चाखून लिहितो. त्यानं काय होतं? खिचडी बरी होते.

चौदा दिवस भरले त्या संध्याकाळी कांतानं बाकीच्या बायांना एकेक करून दारापर्यंत पोचवलं. स्वतःच्या घरी सगळ्यांच्या शेवटी गेली. आता टोळीची मुकादम तीच आहे. थांब्यावर उभी राहून मोजते, आधी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून. मी त्या वेळी शाळेतच थांबतो.

तर ती गेली तो दिवस. दुपार, ऊन भाजत होतं. तिला स्ट्रेचरवर झोपायला सांगितलं तर म्हणाली, "झोपली त श्वास नाई येत." बसूनच चढली, कोणाचा हात न घेता. आत बसल्यावर मला बोट करून बोलावलं. मी रजिस्टर घेऊनच गेलो. ती तेच मागेल असं मला वाटलं, आणि तिनं तेच मागितलं.

"लिवा," ती म्हणाली. एकेक शब्द सुटा. "वास. येत. नाई."

मी तिच्यासमोर रेघ खोडली आणि इतरच्या रकान्यात लिहिलं. तिनं कागद पाहिला, जणू वाचता येतंय. मग मान वर केली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. व्हरांड्यात बाया रांगेत उभ्या होत्या, चालत आल्या त्याच क्रमानं, कांता पुढे. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

भागरताबाईनं हात उचलला. तो आता आधी डोक्यावर जाईल म्हणून मी पाहत होतो. तो गेला नाही. सरळ पुढे झाला, तांबडं बोट कांतावर थांबलं, आणि ती म्हणाली, "एक."

मधे मधे श्वास घेत तिनं सगळी रांग मोजली. ड्रायव्हर थांबला होता. "बावीस," म्हणाली, आणि मोजणी बरोबर भरल्यावर हलवायची तशीच मान हलवली. दार लागलं.